ट्रॅक्टर कोणी हलवायचा?

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यासमोर एक ट्रॅक्टर उभा आहे. बंद पडलेला, गंजलेला. येता-जाता माणसांना तो लागतो. चंदूच्या पायाला त्याचीच जखम होते आणि ती चिघळत जाते. ट्रॅक्टरला सगळे वैतागलेले आहेत आणि कुणीही तो हलवत नाही.

हे नाटक मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तळेगाव ते शिवाजीनगर लोकलमध्ये, उभ्यानं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला होता: चार माणसं बोलवा, दोर बांधा आणि ओढून बाजूला करा की! नंतर नाटकावर जे जे वाचलं, ऐकलं, त्यात हा प्रश्न कुणीच विचारलेला दिसला नाही. सगळीकडे ट्रॅक्टर हे 'प्रतीक' होतं. फसलेल्या आधुनिकतेचं, ढासळत्या सरंजामी घराचं, थांबलेल्या काळाचं. मग मलाच माझा प्रश्न बाळबोध वाटला आणि मी तो गिळला.

आता दहाएक वर्षांनी तो पुन्हा वर आलाय. कारण आमच्या घरातला ट्रॅक्टर आम्ही मागच्या वर्षी हलवला. तो ट्रॅक्टर नव्हता, छताचा पंखा होता. पण तो खाली उतरवला त्या दुपारनंतर मी 'वाडा' परत वाचलं आणि मला वाटू लागलं, की प्रतीक-प्रतीक करताना आपण त्या ट्रॅक्टरला फार लवकर माफ करून टाकतो. आणि त्याच्यामुळे ज्याचा पाय कापला, त्या चंदूलाही फार लवकर विसरतो.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. विजया मेहता यांनी ते १९८५ साली 'कलावैभव'तर्फे रंगभूमीवर आणलं. विदर्भातलं, देशस्थ ब्राह्मण जमीनदारांचं घर. जमिनी गेल्या, दरारा गेला, वाडा तेवढा उरला. घरचे कर्ते तात्याजी वारलेत. थोरला भास्कर आणि त्याची बायको गावातच असतात. मधला सुधीर मुंबईहून बायकोला, अंजलीला, घेऊन येतो. धाकटा चंदू घरातली सगळी कष्टाची कामं करतो. बहीण प्रभा शिकायची राहिली, कारण शिकू दिलं नाही. भास्करची मुलगी रंजू सिनेमाच्या वेडात आहे. आई आहे, आणि वरचेवर 'किती वाजले' असं विचारणारी म्हातारी दादी आहे. तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावरून सगळं उसवत जातं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी त्याची त्रिनाट्यधारा केली. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली 'आविष्कार'साठी ती एकत्र, सलग नऊ तासांची उभी केली. मराठी रंगभूमीवरचं ते मोठं काम आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं ट्रॅक्टरबद्दल आहे.

आमचं घर वाडा नाही. मावळात, तळेगाव स्टेशनच्या जवळ, वराळ्यात चार खोल्यांचं स्लॅबचं घर. आबांनी ते १९८९ मध्ये बांधलं. भाताची थोडी शेती होती. पुढे आजूबाजूला कॉलेजं आली, एमआयडीसी आली, प्लॉटिंग आलं आणि शेतीपेक्षा जमिनीचा भाव मोठा झाला. मधल्या खोलीतला पंखा आबांनी स्लॅबबरोबरच घेतला होता. हुकाला लोखंडी दांडा, तीन पाती, भिंतीवर तापणारा चौकोनी रेग्युलेटर. मला आठवतं तेव्हापासून तो वाजतोय. खट्... खट्... खट्... पाचवर ठेवला की आवाज एकमेकांत मिसळायचा, दोनवर ठेवला की मोजता यायचा. लोडशेडिंगच्या काळात रात्री लाईट गेली हे आम्हाला अंधारावरून नाही, शांततेवरून कळायचं.

त्या आवाजाभोवती आमचं घर कसं वाकलं होतं, हे मला फार उशिरा दिसलं. टीव्हीचा आवाज कायम चार घरं वर. पाहुणे आले की पंखा बंद. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा मीटिंगमध्ये लोक विचारायचे, "तुझ्याकडे काही ठोकाठोकी चालू आहे का?" मग मी माईक बंद ठेवून मेसेज लिहायचो. त्याच काळात मी पप्पांना एक एक्सेल शीट करून दाखवली होती. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. नवे बीएलडीसी मोटरचे तीसेक वॅटमध्ये भागवतात. रोज दहा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर १३५ युनिट वाचतात, म्हणजे तीन वर्षांच्या आत पंख्याचे पैसे वसूल. १ जानेवारी २०२३ पासून तर छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन सक्तीचं झालं, तेव्हा मी शीट पुन्हा उघडली. पप्पांनी दोन्ही वेळा शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "पण हा चालतोय ना?"

'वाडा' वाचताना मला पूर्वी एक गर्व होता. हे जमीनदारांचं दुखणं आहे, असं वाटायचं. आमच्यासारख्या कष्टाच्या घरात बंद ट्रॅक्टर आठ दिवसांत भंगारात गेला असता, त्याच्या पैशात खत आलं असतं. पंख्यानं तो गर्व उतरवला. वस्तू न हलवण्याला सरंजामी असावं लागत नाही. तिथे काही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्या धरणगावला जशा जुळतात तशाच वराळ्यालाही जुळतात.

पहिली गोष्ट: ती वस्तू कुणाच्या तरी निर्णयाची असते. ती काढायची म्हणजे तो निर्णय संपला असं म्हणायचं. आबा २०११ मध्ये गेले. त्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी रोज चालणारी अशी ती एकच उरली होती. पप्पांच्या 'चालतोय ना'मध्ये पंखा कमी आणि आबा जास्त होते.

दुसरी गोष्ट: ती वस्तू सामाईक असते. देशपांड्यांच्या घरात वाडा, सोनं, खर्च, सगळं सगळ्यांचं आहे, म्हणून कशालाच कुणाचा हात लागत नाही. जो हात लावेल त्याच्यावर खर्चही येणार आणि संशयही. आमच्याकडे नानाकाका आणि पप्पांची जमिनीची वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, नाना गावातच वेगळं घर बांधून राहिले. त्यांच्या वाटचा तुकडा त्यांनी विकला, तो पप्पांना न विचारता विकला असं पप्पांचं म्हणणं. तेव्हापासून दोघं लग्नात आणि मयतीत भेटायचे. पण हे जुनं घर अजून दोघांच्या नावावर आहे. त्यातला पंखा काढून टाकला तर नाना काय म्हणतील, हे पप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण भिंतीला रंग द्यायचा विषयही याच कारणाने तीन वर्षं अडकला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नाटकावरच्या बोलण्यात ती सगळ्यात कमी येते. अडचण ज्याला होते, त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. ट्रॅक्टर लागतो चंदूला. तो घरात सगळ्यात जास्त राबतो आणि सगळ्यात कमी बोलतो. त्याची जखम चिघळते, कारण घरात तिच्यापेक्षा मोठे विषय चालू आहेत. आमच्या घरी पंख्याच्या बरोब्बर खाली आई झोपायची. पप्पा पुढच्या खोलीत, आजी कोपऱ्यात कॉटवर, मी माळ्यावर. आई तीस वर्षं त्या आवाजाखाली झोपली, तिथेच बसून तिनं तांदूळ निवडले, आम्हाला अभ्यासाला बसवलं. माझ्या शीटमध्ये वॅट होते, रुपये होते, वर्षं होती. तिच्या झोपेचा रकाना नव्हता.

इथे एका लघुपटाची आठवण येते. उमेश कुलकर्णी यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना केलेला 'गिरणी', २००५ चा. पोटासाठी आई घरात पिठाची गिरणी आणते आणि त्या आवाजात तिच्या मुलाचं अख्खं बालपण दळून निघायला लागतं. शेवट सांगत नाही, बघा. 'वाडा'तला ट्रॅक्टर मुका आहे, ही गिरणी बोंबलते. ट्रॅक्टरचा उपयोग संपलाय, गिरणीवर घर चालतं. पण कुलकर्णी एक गोष्ट करतात ती मला नाटकातल्यापेक्षा जवळची वाटते: ते यंत्राला यंत्रच राहू देतात. त्याचा आवाज कानात शिरतो, त्याचं पीठ कपड्यांवर बसतं. ज्याला त्रास होतो, त्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवलाय. म्हणून तिथे 'हे कशाचं प्रतीक' असं विचारायच्या आधी 'हे कधी थांबेल' असं वाटतं. ट्रॅक्टरबद्दल मला हेच वाटायला हवं होतं. आणि खरं तर पहिल्या वाचनात तेच वाटलं होतं.

आमचा पंखा निघाला तो माझ्या शीटमुळे नाही. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळ महिन्याचं असताना एका दुपारी तिनं मधल्या खोलीत पाळणा बांधू दिला नाही. म्हणाली, "त्या पंख्याखाली माझं बाळ झोपणार नाही." बस्स. माहेरवाशिणीच्या शब्दाला जे वजन असतं ते रोज घरात राहणाऱ्या बाईच्या शब्दाला नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. 'वाडा'मध्ये बाहेरून आलेल्या अंजलीला घर आहे तसं दिसतं, पण ती परकी, कोकणस्थ, मुंबईची. तिच्या दिसण्याला किंमत नाही. ताई बाहेरची आणि घरची, दोन्ही होती. तेवढ्या फटीतून काम झालं.

पंखा मी ऑनलाइन मागवला. लावायला दोन दिवसांनी माणूस येणार होता. पण आजी कॉटवरून म्हणाली, "नानाला बोलवा. त्यानंच बसवलेला हाय तो." हे मला माहीत नव्हतं. नाना आयटीआयचे वायरमन. १९८९ मध्ये वीस-बावीस वर्षांचे असताना या घराचं सगळं वायरिंग त्यांनी केलं होतं. पप्पा काही बोलले नाहीत. आईनं फोन लावला.

नाना टेस्टर आणि पक्कड घेऊन आले. चप्पल दारात काढताना पप्पांकडे न बघता त्यांनी विचारलं, "मेन बंद केलाय का?" पप्पा म्हणाले, "केलाय." मधल्या खोलीत टेबल ठेवलं, टेबलावर स्टूल. नाना वर चढले. मी टेबल धरलं, पप्पांनी स्टूल धरलं, म्हणजे खरं तर नानांच्या पोटऱ्या धरल्या. ताई मोबाईलची बॅटरी दाखवत होती. आई खाली चादर धरून उभी होती, वरची धूळ पडेल म्हणून. एक पंखा उतरवायला आमचं अख्खं घर लागलं, आणि कित्येक वर्षांत एकाच कामाला एवढे हात एकत्र लागलेले मी पाहिले नव्हते.

नानांनी वरची वाटी खाली सरकवली आणि थांबले. "बॅटरी इकडं कर." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पंख्याचा दांडा हुकात अडकतो तो एका बोल्टवर. त्या बोल्टला नट असतो आणि नट फिरून निसटू नये म्हणून त्यात एक कॉटर पिन घालून तिची टोकं वाकवतात. दोन-पाच रुपयांची वस्तू. ती पिन नव्हती. गंजून तुटून कधीच पडली असणार. नट सैल होत होत शेवटच्या दोन आट्यांवर आला होता. हुकातलं रबर झिजून संपलं होतं. बोल्ट प्रत्येक फेऱ्याला थोडासा सरकून लोखंडावर आपटत होता. तो 'खट्' हा त्याचा आवाज होता. इतकी वर्षं आम्ही बेअरिंगला तेल पाजत होतो, कंडेन्सर बदलत होतो, पाती वाकवून बघत होतो. वाटी सरकवून वर कुणी पाहिलंच नव्हतं.

आई चादर धरूनच म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं, आवाज बदललाय म्हणून. आधी एकेरी होता, मग दुहेरी झाला."

तिनं सांगितलं होतं. मला आठवलं. मी हेडफोन काढून 'हो का' म्हणून परत घातला होता. ऑफिसमध्ये लॉगमध्ये तीच वॉर्निंग रोज येत राहिली तर आम्ही ती लपवणारा फिल्टर लिहितो. मग एका रात्री सिस्टिम पडते, आणि कारण शोधताना दिसतं की ती वॉर्निंग सहा महिने हेच सांगत होती. मी घरातही तेच केलं होतं. पप्पा स्टूल सोडून खाली बसले. आई जिथे उशी ठेवायची तिथेच.

या दुपारनंतर 'वाडा' वाचताना दादीवर मी अडखळलो. किती वाजले, असं ती विचारत राहते. आपण तेही प्रतीक म्हणून वाचतो: थांबलेला काळ वगैरे. पण घरात एक माणूस पुन्हापुन्हा काहीतरी विचारतंय आणि बाकीच्यांना त्याची सवय झालीय, ही आधी एक साधी, भयंकर घटना आहे. चंदूची जखमही तशीच. प्रभाचं शिक्षण तसंच. 'वाडा'मधलं प्रत्येक माणूस कधी ना कधी सांगतं, की आवाज बदललाय. ऐकायला कुणाचे कान मोकळे नाहीत. रंजू जेव्हा शिकवणीच्या मास्तरबरोबर घरातलं सोनं घेऊन पळते, तेव्हा घराला धक्का बसतो. पण नट कधीपासून सैल होत होता ते नाटकात आधीपासून दिसतंय.

म्हणजे एलकुंचवारांनी हे सगळं लिहिलेलं आहे. मग माझी तक्रार कुणाशी? थोडी आपल्या वाचण्याशी. ट्रॅक्टर प्रतीक झाला की तो हलवणं कुणाचंच काम राहत नाही. इतिहासाला दोर बांधून ओढता येत नाही. मग आपण सुस्कारा टाकून पुस्तक मिटतो आणि त्या सुस्काऱ्यालाच समज मानतो. चार खोल्यांच्या घरात वाढलेली आमची पिढीही वाड्याचं दुःख उसनं घेऊन मिरवते. इन्स्टाग्रामवर पडक्या दिंडीदरवाजाचा फोटो टाकते आणि स्वतःच्या घरात आई कुठल्या आवाजाखाली झोपते ते तिला माहीत नसतं. 'तिला' काय म्हणतोय, मला माहीत नव्हतं.

आणि थोडी तक्रार नाटकाशीही आहे. त्रिनाट्यधारेत घराचं मोडणं फार बारकाईनं येतं. वहिनी रात्री सगळे दागिने अंगावर घालून उभी राहते तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण एखादी वस्तू चार जणांनी मिळून उचलण्याचा, दुरुस्तीचा प्रसंग या घराच्या वाट्याला मला जवळजवळ दिसत नाही. उत्तर सोपं आहे, मला कळतं: ट्रॅक्टर हलला तर नाटक हलतं. जे घर एकत्र येऊच शकत नाही, त्याचंच तर हे नाटक आहे. नाटककारानं मला तोडगा द्यावा असं मी म्हणत नाही. पण मराठीत घर मोडण्याची भाषा इतकी समृद्ध आणि घर दुरुस्त करण्याची भाषा इतकी तोकडी का, हा प्रश्न मला पडतो. नानांनी वाटी सरकवली आणि ते गप्प झाले, त्या अर्ध्या मिनिटात दोन भावांमध्ये जे काही घडलं, ते लिहायला मला शब्द शोधावे लागतायत. दोघं रागावून बसले असते तर मला नक्की जमलं असतं.

कारण तिथे समेट वगैरे काही झाला नाही. नानांनी नवा पंखा बसवला. कॉटर पिनची टोकं वाकवून झाल्यावर पप्पांना म्हणाले, "चढून बघ एकदा." पप्पा चढले. आता नानांनी स्टूल धरलं. पप्पांनी पिनला बोट लावून बघितलं, "बसलीय," म्हणाले आणि उतरले. चहा झाला. जमिनीचा विषय निघाला नाही, अजून निघालेला नाही. पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला. पुढच्या खोलीतला पंखाही त्यांनीच त्याच साली बसवलेला होता, त्याची पिन बघून घ्या म्हणून. फोन पप्पांना केला होता, आईला नाही.

नवा पंखा वाजत नाही. पहिल्या रात्री आजीला झोप आली नाही. बाळ झोपलं. आईला विचारलं तर म्हणाली, "बरं वाटतंय, पण लाईट गेलेली कळत नाही आता."

आणि जुना पंखा? भंगारवाला दोनदा दारावरून गेला. पप्पांनी त्याला हाक मारली नाही. पाती सोडवून, पोत्यात गुंडाळून त्यांनी तो गच्चीच्या जिन्यात ठेवलाय, वळणावर, जिथे उजेड कमी असतो. गेल्या रविवारी कपडे वाळत घालायला जाताना माझा अंगठा त्याच्यावर आपटला. नख काळं पडलंय. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.